नवे मुख्याध्यापक आणि जुनी शाळा : शिरूर-दौंड परिसराच्या निमित्ताने



दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत धर्मसंघांच्या बदल्यांची पत्रे निघतात. कोणी धर्मभगिनी दहा वर्षांची सेवा आटोपून दुसऱ्या गावी जातात, कोणी फादर नव्या शाळेचा कार्यभार स्वीकारण्यासाठी सामान बांधतात. ह्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी संस्थांच्या शाळांतही निवृत्ती, पदोन्नती व बदल्या होत असतात. जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते तेव्हा अनेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या दालनात नवी व्यक्ती बसलेली असते. त्या दिवशी पुष्पगुच्छ दिला जातो, परिचय होतो, चहापान होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र खरे काम सुरू होते, आणि त्याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही.

चार्ज देताना किल्ल्यांचा जुडगा, जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेड स्टॉक रजिस्टर आणि शिक्के ह्यांची यादी होते. दोघांच्या सह्या होतात. पण शाळेची रीत, तिच्या माणसांचे स्वभाव, जुने राग-लोभ, न लिहिलेले संकेत ह्यांची यादी कोठेच नसते. नव्या मुख्याध्यापकाला ती स्वतः, आणि बहुधा चुका करतच, तयार करावी लागते. ह्या लेखात आम्ही शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांच्या परिसरात हा प्रश्न कोणत्या रूपात उभा राहतो आणि त्यावर काय करता येईल ह्याचा विचार करणार आहोत. आपली मुले ज्या शाळेत शिकतात तिचे पुढील पाच-दहा वर्षांचे वळण पुष्कळदा त्या पहिल्या वर्षात ठरते. म्हणून हा विषय केवळ शिक्षकांचा नाही, पालकांचा आणि धर्मग्रामस्थांचाही आहे.

दोन तालुके, अनेक शाळा

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेजारी तालुके. एकीकडे घोड नदी, दुसरीकडे भीमा. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या ह्या गावात पूर्वी अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, आणि शिक्षणकार्याची ती परंपरा तेथील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणींत आहे. आज त्याच रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथे कारखाने उभे आहेत. रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला येणारे भाविक आहेत, तसेच औद्योगिक वसाहतीत पोटासाठी आलेली मराठवाड्यातील, बिहारमधील, उत्तर प्रदेशातील कुटुंबेही आहेत. एकाच वर्गात बागायतदाराचा मुलगा, कंत्राटी कामगाराची मुलगी आणि मराठी नुकतीच ऐकू लागलेले मूल शेजारी शेजारी बसते.

दौंडचे रूप निराळे. ते रेल्वेचे गाव. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि सोलापूर, मनमाड, बारामती ह्या दिशांचे फाटे तेथे एकत्र आले. रेल्वेच्या नोकरीने नाना भाषांची माणसे तेथे वस्तीस आली. त्याच गावात राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. म्हणजे बदलीवर येणारे आणि बदलीवर जाणारे पालक तेथे मोठ्या संख्येने. शहराबाहेर पडले की ऊस, गुऱ्हाळे, कुरकुंभची रासायनिक वसाहत. ऊसतोडणीच्या हंगामात परजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे पाल ठोकून राहतात, आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण हा प्रत्येक मुख्याध्यापकापुढचा वार्षिक प्रश्न होतो.

अशा परिसरात 'शाळा' हा एकच शब्द अनेक संस्थांना लागू पडतो. वस्तीवरची दोन शिक्षकांची जिल्हा परिषद शाळा, अनुदानित माध्यमिक विद्यालय, धर्मसंघाने चालविलेली शाळा, आणि गेल्या काही वर्षांत वाढलेल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळा. प्रत्येकीची रीत निराळी असते, आणि तेथे येणाऱ्या नव्या प्रमुखाची अडचणही निराळी असते.

रुळणे म्हणजे काय?

नवी व्यक्ती एखाद्या संस्थेत येते आणि तेथील कामाची पद्धत, मूल्ये, बोलण्याची तऱ्हा, काय चालते व काय चालत नाही हे हळूहळू आत्मसात करते, ह्या प्रक्रियेला समाजशास्त्रात सामाजीकरण म्हणतात. आपल्या भाषेत त्यासाठी 'रुळणे' हा छान शब्द आहे. जॉन व्हॅन मानेन व एडगर शाईन ह्या अभ्यासकांनी १९७९ साली ह्या प्रक्रियेची मांडणी केली. संस्था नवागताला कशी घडवते, त्याला गटाने शिकवते की एकट्याला सोडून देते, त्याच्या पुढे कोणी मार्गदर्शक ठेवते की नाही, ह्यांवर तो पुढे कसा वागेल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे त्यांनी दाखवून दिले.

मुख्याध्यापकाच्या बाबतीत हे रुळणे दुहेरी असते. पहिले पदाशी, म्हणजे शिक्षकाचा प्रशासक होणे. दुसरे त्या विशिष्ट शाळेशी. पहिले शिक्षण काही अंशी पुस्तकांतून व प्रशिक्षणवर्गांतून मिळते. दुसरे त्या शाळेतच मिळते. अनेकांची गफलत होते ती येथे. एका शाळेत पंधरा वर्षे उत्तम शिकविणारा शिक्षक दुसऱ्या शाळेचा प्रमुख झाला की आपला अनुभव सोबत आला आहे असे समजतो. अनुभव आलेला असतोच, पण तो जुन्या शाळेचा असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डॅन लॉर्टी ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ साली लिहिले की, शिक्षक होणारा प्रत्येक माणूस विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहत आलेला असतो, त्यामुळे शिकविणे म्हणजे काय ह्याची प्रतिमा त्याच्या मनात आधीच तयार असते. मुख्याध्यापकाच्या कामाचे मात्र असे नाही. विद्यार्थ्याला ते दालनाच्या दारातून दिसते, शिक्षकाला रजेचा अर्ज देताना दिसते. दाराआड काय चालते हे खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही.

खुर्चीकडे जाणाऱ्या वाटा

आपल्या राज्यात मुख्याध्यापकपदी जाण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत, आणि ज्या वाटेने माणूस येतो तिची छाया त्याच्या पहिल्या वर्षावर पडते.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत पुष्कळदा स्वतंत्र पदच नसते. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकाचे पद दीडशेहून अधिक पट असेल तरच येते. त्यामुळे वस्तीशाळेत ज्येष्ठ शिक्षकच वर्ग शिकवता शिकवता प्रभारी म्हणून कारभार पाहतो. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात माहिती मागवणारा मोबाईल, अशी त्याची अवस्था असते. त्याचे सहकारी कालपर्यंतचे बरोबरीचे असतात, त्यामुळे आज त्यांना सूचना देणे त्याला जड जाते.

खाजगी अनुदानित शाळांना 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेच्या प्रमुखासाठी पदवी, शिक्षणशास्त्राची पदवी आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यांपैकी किमान दोन वर्षे शिक्षणशास्त्राच्या पदवीनंतरची, अशी अट आहे. अर्हता आणि समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाला हे पद द्यावे असा नियम आहे. ह्या नियमाने मनमानीला आळा बसला, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु नियम मोजतो तो अनुभव वर्गातला असतो. हिशेब, सेवापुस्तके, तक्रारींची चौकशी ह्यांचा अनुभव कोणी विचारत नाही. कित्येकांना ही खुर्ची निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना मिळते, आणि रुळेपर्यंत निरोपसमारंभाची तारीख येते.

अल्पसंख्याकांच्या शाळांची वाट तिसरी आहे, आणि ती आपल्याला जवळून स्पर्श करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. वरील १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ३ (२) नुसार अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या, तसेच व्यवस्थापनाने कळविलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीला त्या अधिनियमाच्या तरतुदी लागू होत नाहीत. त्यामुळे धर्मसंघ आपल्या फादरांना वा सिस्टरांना ज्येष्ठतेचा क्रम ओलांडून प्रमुख नेमू शकतो. शाळेचे ध्येय टिकावे म्हणून हा हक्क आहे आणि तो मोलाचा आहे. पण शिक्षक कक्षातून तो कसा दिसतो ह्याचाही आपण प्रामाणिकपणे विचार करावयास हवा.

समजा, एका शाळेत एक शिक्षिका अठ्ठावीस वर्षे सेवेत आहेत. आधीच्या सिस्टर आजारी असताना सहा महिने त्यांनीच कारभार सांभाळला. गावातील निम्मे पालक त्यांचे विद्यार्थी. जूनमध्ये त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या सिस्टर मुख्याध्यापिका म्हणून येतात. कायद्याने सर्व काही ठीक आहे. बाई पुष्पगुच्छही देतात. पण त्यांच्या मनात काय चालले असेल? आणि नव्या सिस्टरांनी पहिल्याच सभेत, 'आता येथे शिस्त आणायची आहे,' असे म्हटले तर त्या वाक्याचा अर्थ त्यांना कसा लागेल? गेली अठ्ठावीस वर्षे येथे शिस्त नव्हती, असाच ना? हक्क आपल्या बाजूने आहे म्हणून मन आपोआप आपल्या बाजूचे होत नाही. ते ज्येष्ठ शिक्षिकेला विचारून, तिला मान देऊन, तिच्याकडून शिकून मिळवावे लागते.

चौथी वाट विनाअनुदानित शाळांची. तेथे प्रमुखाची नेमणूक संचालक मंडळ करते आणि अपेक्षा निकालाची व प्रवेशसंख्येची असते. अशा शाळेत शिक्षक वारंवार बदलतात. जुनी रीत शिकवायला जुना माणूसच उरत नाही, ही तेथील अडचण.

कागद, पट आणि भीती

बाहेरच्या माणसाला वाटते की मुख्याध्यापक म्हणजे शिक्षणाचा विचार करणारा. पहिल्या महिन्यात तो कागदांचाच विचार करतो. शालार्थ प्रणालीत पगारबिल वेळेवर गेले पाहिजे, सरल आणि यू-डायसमध्ये विद्यार्थ्यांची माहिती भरली पाहिजे, पोषण आहाराचा तांदूळ आणि नोंदवही जुळली पाहिजे. केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, विस्तार अधिकारी येतात, गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून आजच्या आज माहिती हवी असते. ह्या सर्वांत नव्या मुख्याध्यापकाचा पहिला शिक्षक असतो तो लिपिक. कोणता कागद कोठे आहे, कोणते प्रकरण का अडले आहे, हे त्यालाच ठाऊक असते. ह्या अवलंबनात दोन धोके आहेत. एक, न वाचता सह्या करीत जाण्याचा. दुसरा, प्रत्येक कागदावर संशय घेऊन लिपिकाला दुखावण्याचा. त्याच्याशेजारी बसून एकेक नोंदवही समजून घेणे, हा ह्यांतून मार्ग आहे. त्यास वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही.

कागदांच्या मागे एक भीतीही दडलेली असते, आणि ती नव्या प्रमुखाने ओळखली पाहिजे. ती म्हणजे पटाची भीती. संचमान्यतेत विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरतात. पट घसरला तर कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत अनुदानित शाळांचे शिक्षक नवीन विद्यार्थ्यांसाठी वाड्यावस्त्यांवर दारोदार फिरताना दिसतात. जो प्रमुख ही भीती न जाणता नव्या उपक्रमांच्या याद्या वाचून दाखवितो, त्याच्यासमोर शिक्षक मान डोलावतात आणि मनातल्या मनात मुले मोजतात.

जे दिसते आणि जे दिसत नाही

वर उल्लेखिलेले शाईन ह्यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले. पहिला डोळ्यांना दिसणारा : गणवेश, प्रार्थना, फलक, बसण्याची जागा. दुसरा तोंडाने सांगितला जाणारा : ध्येयवाक्य, नियम, अहवालांतील उद्दिष्टे. तिसरा सर्वांत खोल : जे सर्वांनी इतके गृहीत धरलेले असते की कोणी बोलूनही दाखवीत नाही. नवागताचा पाय अडखळतो तो बहुतेक वेळा ह्या तिसऱ्या थरात.

ह्या परिसरातील एक उदाहरण पाहा. दौंडच्या कित्येक शिक्षकांचे घर पुण्याला वा हडपसरला असते आणि ते रोज गाडीने अप-डाऊन करतात. गावातच राहणारे शिक्षक वेगळे. कागदोपत्री दोघांना एकच नियम लागू. पण गाडी उशिरा आली तर पहिल्या तासाला गावातला शिक्षक वर्ग सांभाळतो आणि त्याच्या बदल्यात एखाद्या शनिवारी त्याला मोकळीक मिळते, असा संकेत वर्षानुवर्षे चालू असतो. नवा प्रमुख मस्टर पाहून लाल शेरा मारतो. नियमाप्रमाणे त्याचे बरोबर असते. पण त्या शेऱ्याने मोडतो तो दोन गटांतला समझोता, आणि मग जुनी धुसफूस बाहेर येते. आमचे म्हणणे असे नाही की संकेत चुकीचा असला तरी चालू द्यावा. मोडण्यापूर्वी तो काय आहे आणि कोणाच्या गरजेतून आला आहे, एवढे जाणून घ्यावे.

ह्या बाबतीत आम्ही स्वतः केलेली एक चूक येथे सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ग्रामीण शाळेची जबाबदारी आमच्याकडे आली. मधली सुट्टी फार लांब आहे असे आम्हांस वाटले आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही ती वीस मिनिटांनी कमी केली. शिक्षकांपैकी कोणी काही बोलले नाही. ते संमती देत आहेत अशी आमची समजूत झाली. पंधरवड्यात दुपारच्या हजेरीत वरच्या वर्गांतील काही मुली गैरहजर दिसू लागल्या. अखेर घंटा देणाऱ्या शिपाईमामांनीच सांगितले, "फादर, त्यांच्या आया खुरपायला जातात. पोरी मधल्या सुट्टीत घरी जाऊन धाकट्यांना जेवू घालून येत होत्या. आता यायला उशीर होतो, मग त्या येतच नाहीत." वेळापत्रकात 'मधली सुट्टी' एवढेच लिहिले होते. तिच्यात मुलींचे शिक्षण सामावलेले होते, हे घंटा देणाऱ्याला ठाऊक होते आणि आम्हांस नव्हते. सुट्टी पूर्ववत केली. त्या मुलींपैकी एक मात्र पुन्हा दुपारची आली नाही. ही गोष्ट आम्ही अजून विसरलेलो नाही.

केडगावचा धडा

दौंड तालुक्यातील केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आठवते. संस्था चालविणाऱ्या माणसापुढे कोणत्या अडचणी येतात हे समजून घेण्यास रमाबाईंचे चरित्र फार उपयोगी आहे.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे थोर सुधारक होते. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. शब्द एकच, पण गृहीत निराळे. रमाबाईंच्या मते मुलींवर सक्ती न करणे म्हणजे तटस्थता. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून त्या प्रार्थना करीत आणि एखादी मुलगी आपणहून येऊन बसली तर तिला त्या अडवीत नसत. सल्लागारांना अभिप्रेत असलेली तटस्थता ह्याहून कडक होती. १८९३ साली मतभेद विकोपाला गेले, सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. कोण बरोबर होते ह्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. दोन्हीकडे सद्‍हेतूची माणसे असताना, शब्दांखालचा अर्थ वेळीच उकलून न पाहिल्याने संस्था कशी हादरते, एवढे नव्या प्रशासकाने त्यातून घ्यावे. 'शिस्त', 'गुणवत्ता', 'संस्कार' हे शब्द आपल्या शाळांतही असेच सर्वांना मान्य असतात आणि प्रत्येकाच्या मनात त्यांचा अर्थ वेगळा असतो.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावला त्यांचे वसतिस्थान उभे केले. काही वर्षांतच ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला बाहेरून माणसे आणणे शक्यच नव्हते. आश्रयाला आलेल्या मुलीच शिकून शिक्षिका झाल्या, छापखाना, विणकाम, शेती सांभाळू लागल्या. जी काल नवखी होती ती आज नवखीला शिकवीत होती. सामाजीकरणाचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. आपल्यामागे संस्थेचा भार उचलण्यास रमाबाईंनी कन्या मनोरमाबाईंना तयार केले होते, परंतु मनोरमाबाई १९२१ साली निवर्तल्या आणि रमाबाईंनीही १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. मुक्तीचे काम तरीही थांबले नाही. ते एका माणसावर उभे नव्हते, असाच ह्याचा अर्थ होतो.

वाबळेवाडी आणि पाबळ

शिरूर तालुक्यातही विचार करण्यासारखी उदाहरणे आहेत. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात राज्यभर गाजली. ग्रामस्थांनी जमीन दिली, श्रम दिले, आणि वस्तीवरची छोटी शाळा पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले. पुढे वाद झाले, २०२१ साली गुरुजींवर निलंबनाची कारवाई झाली आणि त्यांना ती शाळा सोडावी लागली. नंतर ते खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या अत्यल्प पटाच्या शाळेत गेले. तेथेही त्यांनी गावाला बरोबर घेतले, आणि २०२५ साली त्या शाळेला 'जगातील सर्वोत्कृष्ट शाळा' पुरस्कारांमध्ये लोकपसंतीचा मान मिळाला. एकाच माणसाला दोनदा शून्यापासून आरंभ करावा लागला. दोन्ही वेळी कामाचा पाया एकच होता : शाळा गावाची आहे हे गावाला पटवून देणे. त्याचबरोबर गाव, प्रशासन आणि शाळा ह्यांच्यातील संबंध किती नाजूक असतात, हेही ह्या कथेतून दिसते.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून ते ह्या कोरडवाहू गावात राहायला आले आणि २००३ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले. हाताने काम करता करता शिकावे हा त्यांचा विचार पुढे अनेक शाळांत गेला. बाहेरून आलेल्या माणसाला गाव केव्हा आपला म्हणते, ह्याचे उत्तर त्यांच्या वास्तव्यात आहे. सायंकाळच्या गाडीने परत जाणाऱ्या प्रशासकाला ते सहजी मिळत नाही.

काय करता येईल?

पवित्र शास्त्रात ह्या विषयावर दोन बोलकी चित्रे आहेत. राजे ह्या पुस्तकात शलमोनाचा पुत्र रहबाम नव्याने गादीवर येतो. वडीलधारी माणसे त्याला सौम्यपणे बोलण्याचा सल्ला देतात, तरुण सोबती कठोर होण्यास सांगतात. तो सोबत्यांचे ऐकतो आणि राज्य दुभंगते. निर्गम पुस्तकात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करीत बसतो. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून येतो, दिवसभर पाहतो आणि सांगतो की अशाने तू थकशील आणि लोकही थकतील; विश्वासू माणसे निवड आणि काम वाटून दे. मोशे त्याचे ऐकतो. सर्व फायली स्वतःच्या टेबलावर ओढून घेणाऱ्या प्रत्येक नव्या मुख्याध्यापकाला आम्ही हा अध्याय वाचण्यास सुचवितो.

व्यवहारात काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, चार्ज देणे-घेणे एका दिवसात उरकू नये. जाणाऱ्या व येणाऱ्या प्रमुखांनी किमान आठवडाभर एकत्र घालवावा. कागदांबरोबर माणसांचीही ओळख करून द्यावी. कोणते वचन दिलेले आहे, कोणते प्रकरण चिघळलेले आहे, कोणत्या शिक्षकाच्या घरी आजारपण आहे, हे मोकळेपणाने सांगावे. निघून गेल्यावर मात्र जुन्या प्रमुखांनी दूरध्वनीवरून शाळा चालवू नये.

दुसरी, पहिल्या सत्रात सुरक्षिततेचे आणि पैशाचे प्रश्न वगळता मोठे बदल करू नयेत. गळके छप्पर थांबत नाही, हिशेबातील गोंधळही थांबता कामा नये. बाकीचे पुष्कळ काही दिवाळीपर्यंत थांबू शकते. ह्या काळात प्रत्येक शिक्षकाशी, लिपिकाशी, शिपायाशी आणि पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंशी स्वतंत्रपणे बोलावे. दोनच प्रश्न पुरेसे आहेत : येथले काय टिकले पाहिजे, आणि कशाचा त्रास होतो?

तिसरी, मार्गदर्शक. शासनाच्या पातळीवर २०१२ पासून राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र काम करीत आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षक व मुख्याध्यापक ह्यांच्यासाठी वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ही प्रशिक्षणे घ्यावीत. पण प्रशिक्षणात न विचारता येणारे प्रश्नही असतात. त्यांसाठी शेजारच्या शाळेतील एखादे अनुभवी, वा निवृत्त, मुख्याध्यापक महिन्यातून एकदा भेटतील अशी व्यवस्था संस्थांनी करावी. ह्या खुर्चीवरचा एकटेपणा फार असतो. कालचे मित्र सहकारी जपून बोलू लागतात, आणि मन मोकळे करण्यास जागा उरत नाही.

चौथी, संस्थांनी बदल्यांचा विचार शाळेच्या बाजूनेही करावा. धर्मसंघांच्या गरजा असतात हे आम्ही जाणतो. परंतु तीन वर्षांत तीन प्रमुख पाहिलेल्या शाळेतील शिक्षक चौथ्याचे स्वागत हसतमुखाने करतात आणि तो जाण्याची वाट पाहतात. अशा शाळेत कोणतीही सूचना मुळापर्यंत पोहोचत नाही. तसेच ज्येष्ठ प्रापंचिक शिक्षकांना पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक म्हणून खरीखुरी जबाबदारी मिळावी. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २००७ साली कॅथॉलिक शिक्षणाचे अखिल भारतीय धोरण जाहीर केले. आपल्या प्रत्येक शाळेत ते वाचले गेले आहे काय, हा प्रश्न व्यवस्थापनांनी स्वतःला विचारावा.

आपला वाटा

शेवटी धर्मग्रामस्थांना दोन शब्द. नव्या सिस्टर वा फादर आल्या आल्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्यांची तुलना सुरू होते. आधीच्या कशा होत्या, ह्या कशा आहेत. काही जण जुन्या तक्रारी घेऊन पहिल्याच आठवड्यात भेटतात, काही जण प्रवेशासाठी शब्द टाकतात. ह्यांतील प्रत्येक भेट नव्या माणसाला कोणत्या तरी एका गटाकडे ओढत असते. त्याऐवजी त्यांना गाव दाखवा. रेल्वे कॉलनीत, पोलीस वसाहतीत, ऊसतोडणीच्या पालांवर, रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांत आपल्या शाळेची मुले कशी राहतात हे त्यांना कोणीतरी सोबत नेऊन दाखविले पाहिजे. पालकसभेला या, आणि केवळ आपल्या पाल्याच्या गुणांविषयी बोलून निघून जाऊ नका. पहिल्या वर्षी चूक झाली तर ती चारचौघांत मांडण्याआधी त्यांच्या दालनात जाऊन सांगा.

आमच्या त्या शाळेतील शिपाईमामांनी पंधरा दिवस वाट पाहिली, कारण नव्या फादरांना कसे सांगावे हा त्यांना प्रश्न पडला होता. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते, किंवा आम्ही विचारले असते, तर ती एक मुलगी कदाचित दुपारच्या वर्गात बसली असती. येत्या जूनमध्ये आपल्या शाळेत कोणी नवे प्रमुख आले, तर ते विचारतील अशी आशा धरू या. त्यांनी विचारले नाही, तर आपण सांगू या.